ड्रायव्हरचं जेवण

साडेचारला कन्ना चौकातून निघालो.
मागच्या सीटवर अम्मा आणि नायना, पुढं मी.
गाडी इरण्णाची, एसी बंद,
डावा आरसा चिकटपट्टीनं धरलेला.

नऊ वर्षं शारजात हेच करतोय.
हॉटेलातून उचलायचं, वाळूत फिरवायचं,
जेवू घालायचं, परत हॉटेलात सोडायचं.
विड्या वळता वळता अम्मा फोनवर विचारायची,
"म्हणजे नेमकं दाखवतोस काय लोकांना?"
"वाळू."
"आणि तिचे पैसे देतात?"

म्हणून आज ही सफारी.
प्रायव्हेट. पाहुणे दोनच.
"वेलकम, वेलकम, बेल्ट लावा, पोट सांभाळा,"
सवयीनं म्हणून गेलो.
नायनाला ऐकू गेलं नाही.
अडतीस वर्षं यंत्रमागांमध्ये उभं राहिलेल्या माणसाच्या
कानात मागच चालू राहतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा.
अम्मानं बेल्ट ओढला
आणि बकल सापडेना तेव्हा सरळ गाठ मारली.

नान्नजच्या माळावर वाळू नाही.
गवत आहे, जानेवारीचं,
उन्हानं बिनरंगी झालेलं, गुडघ्याला लागेल एवढं.
तिकडं मी टायरची हवा कमी करतो,
गाडी टेकडीच्या कड्यावरून खाली सोडतो,
बायका किंचाळतात, पोरं पुन्हा पुन्हा म्हणतात.
इथं एक खड्डा आला.
अम्मा म्हणाली, "सावकाश. घरचेच आहोत."

फाटकाजवळच्या पाटीवर माळढोक होता, रंग उडालेला.
"दिसंल का?" अम्मानं रखवालदाराला विचारलं.
तो म्हणाला, "पाटी बघून घ्या, मावशी."

तिकडं ससाणा हातावर बसवून फोटो काढतात,
तीस दिरहम, टोपी घातलेला ससाणा.
इथं एक भोवत्या गवताला पोट घासत गेला,
वळला, पुन्हा गेला,
कुणाच्या हाताकडं त्यानं बघितलं नाही.
मग काळविटं. सात, की आठ.
अम्मा दर वेळी पहिल्यापासून मोजत होती.

नायना म्हणाला, "इंजिन बंद कर."
वाळूत मी इंजिन कधी बंद केलं नव्हतं.
मागं गाड्या असतात, त्यांच्या मागं आणखी.
किल्ली फिरवली.
तो खाली उतरला, तळवा कानावर धरला,
काढला, पुन्हा धरला.
"थांबला," म्हणाला.
काय, ते मी विचारलं नाही.

जाळ आतमध्ये करायचा नाही,
म्हणून जेवण इरण्णाच्या बांधावर.
त्यानं आगटी पेटवून ठेवलेली,
कणसं भाजून तळहातावर चोळत होता.
हुरडा, शेंगाचटणी, गूळ, दह्याचं मडकं,
कडक भाकरीचे तुकडे अम्माच्या डब्यातले.
मी खाली चादर अंथरली, नायनाच्या कारखान्यातली,
विणताना चूक झालेली, म्हणून घरी आलेली.

"ती नाचणारी बाई कधी येणार?" अम्मा.
"सुट्टीवर आहे."
"बरं झालं. गारठ्यात पोट उघडं टाकून..."
इरण्णाला ठसका लागला.

दोघांना वाढलं. पाणी ठेवलं.
मग माझी थाळी घेऊन
मी गाडीपाशी गेलो, बॉनेटला टेकून
उभ्या उभ्या खायला लागलो.
माझ्या हे लक्षातही आलं नाही.
पाहुणे गालिच्यावर, ड्रायव्हर गाडीपाशी,
एक डोळा घड्याळावर,
नऊ वर्षं असंच जेवतो.

अम्मानं हाक मारली नाही.
ती उठली, नायनाला खांद्याला धरून उठवलं,
कणसं पदरात टाकली,
चादरीची दोन टोकं मुठीत धरली
आणि मडक्यासकट, चटणीसकट,
ढेकळांवरून, उलटं चालत
ओढत आणली गाडीच्या चाकापर्यंत.

दही थोडं सांडलं.
"बस आता," म्हणाली.
नायनानं टायरला पाठ टेकली.
चाक अजून गरम होतं.